गावचा आराखडा आणि दिल्लीची योजना यांची सांगड घालणारा माणूस : धनंजयराव गाडगीळ

ग्रामसभेत दरवर्षी गावच्या विकास आराखड्याचं वाचन होतं. रस्ता, गटार, शाळेची खोली, पाण्याची टाकी, स्मशानभूमीचं शेड अशी यादी वाचली जाते, हात वर होतात, ठराव होतो. पुढे ही कामं पंचायत समितीत जातात, जिल्हा परिषदेत जातात, जिल्हा नियोजन समितीत जातात. त्यातली काही होतात, बरीच अडकतात. मग पारावर चर्चा सुरू होते, आपल्या गावाला निधी का नाही आणि शेजारच्या गावाला कसा मिळाला?

हा प्रश्न आजचा नाही. गावाने मागायचं काय, जिल्ह्याने ठरवायचं काय, राज्याने द्यायचं काय आणि देशाच्या योजनेत हे सगळं बसवायचं कसं, या कोड्यावर एका मराठी माणसाने उभं आयुष्य घालवलं. नगर जिल्ह्यातला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना त्यांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिला. केंद्राचा पैसा राज्यांना कोणत्या हिशेबाने मिळावा, याचं सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. जिल्ह्याच्या बँकेत अग्रणी बँक असा फलक दिसतो, त्यामागचा विचारही त्यांच्याच अभ्यासगटाचा. त्यांचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना गाडगीळ सूत्र पाठ असतं. पण त्या सूत्रामागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे सगळ्यांना माहीत झालेले माधव गाडगीळ हे त्यांचेच चिरंजीव. म्हणून आज थोडं थोरल्या गाडगीळांविषयी.

नाशिकचा जन्म, नागपूरचं बालपण

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. वाढले आणि शिकले नागपुरात. पुढे शिक्षणासाठी इंग्लंडला केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी विषय घेतला तो आपल्याच देशाचा. इंग्रजी राजवटीत भारतातली शेती, कारागिरी आणि कारखानदारी कशी बदलत गेली, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यावरचं पुस्तक १९२४ मध्ये छापून आलं, तेव्हा ते जेमतेम तेविशीत होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते पुस्तक पुढे कित्येक वर्षं अभ्यासलं.

असं शिक्षण घेऊन आलेला माणूस त्या काळी सरकारी नोकरीत सुखाने रमला असता. धनंजयरावांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ काम केलंही. पण ते तिथे थांबले नाहीत. १९२५ मध्ये ते सुरतच्या कॉलेजात प्राचार्य झाले. पाच वर्षांनी पुण्याहून बोलावणं आलं. सातारचे रावबहादूर काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू होत होती. १९३० मध्ये धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षं, त्यांनी ती संस्था चालवली.

आधी मोजा, मग बोला

या ३६ वर्षांत त्यांनी जे केलं ते आजच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हे. त्या काळी भारताच्या गरिबीवर भाषणं पुष्कळ व्हायची, पण एका तालुक्यातल्या शेतकऱ्याला वर्षाकाठी नेमकं काय उरतं, हे कुणी मोजत नव्हतं. धनंजयरावांनी आपली माणसं गावोगाव पाठवायला सुरुवात केली.

वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली, ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांत मोटारगाड्यांची वाहतूक कशी चालते, याचा अभ्यास त्याआधीच झाला होता. पुण्यात येणारी फळं कुठून येतात, मधे किती हात लागतात, हेही तपासलं गेलं. पुणे शहरातल्या कुटुंबांची मोठी पाहणी झाली. पुढे सोलापूर शहराचीही झाली.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी की धनंजयराव देशाचा विचार तालुक्यापासून सुरू करत होते. देशभराची सरासरी काढली की कोकणातला भातवाला, वाईचा बागायतदार आणि दुष्काळी माणचा धनगर एकाच रकान्यात जातात. पैसा मात्र तिघांना वेगवेगळ्या कामासाठी लागतो. म्हणून आधी आपला मुलूख नीट मोजून घ्यायचा, ही त्यांची पहिली शिस्त.

१९४८ मध्ये त्यांचा आणखी एक अहवाल आला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका फायदा कुणाला आणि किती झाला, याचा तो हिशेब होता. धरणाच्या पाण्याने फक्त शेतसारा आणि पाणीपट्टी वाढते असं नाही. मजुराला काम मिळतं, बाजार वाढतो, बैलगाडीवाल्याला भाडं मिळतं, सरकारच्या इतर करांतही भर पडते. हा सगळा फायदा धरून हिशेब केला पाहिजे, हा त्या अहवालाचा गाभा. कालव्याची कमाई केवळ पाणीपट्टीवर मोजू नये, हे मांडणारा हा आपल्याकडचा सुरुवातीच्या काळातला अभ्यास.

लोणीचा शेतकरी आणि पुण्याचा प्राध्यापक

ज्या प्रवरा कालव्याचा हिशेब पुण्यात मांडला जात होता, त्याच कालव्यावर लोणी गाव. भंडारदरा धरणाचं पाणी आलं तसा या भागात ऊस वाढला. पण ऊस वाढला म्हणून शेतकरी सुधारला असं झालं नाही. गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात होता. साखर कारखाने खाजगी कंपन्यांचे होते आणि त्यांच्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या होत्या. आपल्याच जमिनीवर दुसऱ्याचा ऊस बघायची वेळ अनेकांवर आली होती.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे फारसं शालेय शिक्षण न झालेले शेतकरी. गावात सहकारी पतसंस्था त्यांनी आधीच चालवून दाखवली होती. शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायचा, हा विचार त्यांनी धरला. गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करायला ते निघाले. या कामात धनंजयराव त्यांच्यासोबत उभे राहिले. केंब्रिजला शिकलेला प्राध्यापक आणि लोणीचा शेतकरी अशी ही जोडी जमली. धनंजयराव कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, विखे पाटील उपाध्यक्ष. ऊस गाळप सुरू झालं ते १९५० च्या डिसेंबर अखेरीस. १९६० पर्यंत धनंजयराव अध्यक्ष राहिले, त्यानंतर विठ्ठलराव अध्यक्ष झाले.

कारखाना उभा कसा राहिला हे बघितलं की आपल्या विषयाची किल्ली सापडते. भाग घेतले ते शेतकऱ्यांनी, म्हणजे सुरुवात गावाने केली. मुंबई राज्य सरकार पाठीशी उभं राहिलं. त्या वेळी अर्थ आणि सहकार खात्याचे मंत्री असलेले वैकुंठभाई मेहता हे स्वतः सहकारातले मोठे कार्यकर्ते होते. मोठं कर्ज आलं ते केंद्राच्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून. गाव, राज्य आणि देश या तिघांचा पैसा एका ठिकाणी आला. पण कारखाना कुठे, किती मोठा आणि कुणाच्या मालकीचा, हे ठरलं गावाच्या गरजेतून. वरून एखादी योजना आली आणि लोणीने ती राबवली, असं घडलं नाही. लोणीने आपलं काम आधी नक्की केलं आणि मग राज्याच्या व देशाच्या धोरणात त्याला जागा शोधली.

धनंजयरावांच्या पुढच्या सगळ्या विचारात हा अनुभव दिसतो. पुस्तकातलं नियोजन आणि शेतकऱ्याच्या बांधावरचं नियोजन यातला फरक त्यांनी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून दहा वर्षं पाहिला होता.

कर्ज कुणाकडून? सावकाराकडून

याच काळात रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपाहणी केली. चार जणांच्या समितीत धनंजयराव होते. देशातले ७५ जिल्हे आणि ६०० गावं निवडली गेली. शेतकरी कर्ज कुणाकडून काढतो, हे घरोघर विचारलं गेलं. १९५४ मध्ये अहवाल आला आणि दिल्लीतल्या लोकांचे डोळे उघडले. सहकारी संस्थांचा गाजावाजा पन्नास वर्षं चालू होता, पण शेतकऱ्याच्या एकूण कर्जात त्यांचा वाटा निघाला सुमारे तीन टक्के. सरकारचाही साधारण तेवढाच. सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास.

समितीने सुचवलं की गावची सोसायटी एकटी टिकणार नाही. तिच्या पाठीशी सरकारने भागीदार म्हणून उभं राहावं, कर्ज, खरेदी-विक्री आणि गोदाम हे सगळं एकमेकांना जोडून घ्यावं. याच अहवालातून पुढे इंपीरियल बँकेचं रूपांतर स्टेट बँकेत झालं, ते १ जुलै १९५५ रोजी. आज तालुक्याच्या गावी स्टेट बँकेची शाखा आहे, तिची मुळं या पाहणीत आहेत.

दिल्लीत पोचले तेव्हा घर विस्कटलेलं होतं

१९६६ मध्ये धनंजयराव गोखले संस्थेतून निवृत्त झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवर नियुक्त झाले. आणि १९६७ मध्ये केंद्राच्या योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. अध्यक्षपद पंतप्रधानांकडे असायचं, त्यामुळे रोजच्या कामाची धुरा उपाध्यक्षावर. पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी.

वेळ फार अवघड होती. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला होता. अमेरिकेहून गहू आणावा लागत होता. पैशाअभावी चौथी पंचवार्षिक योजना लांबली होती आणि तीन वर्षं एकेका वर्षाच्या योजनेवर काम चाललं होतं. त्यातच १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. आता राज्यं दिल्लीला जाब विचारू लागली. आम्हाला मदत कोणत्या हिशेबाने देता?

प्रश्न रास्त होता, कारण ठरलेला असा हिशेबच नव्हता. केंद्राची मदत योजनेगणिक मिळायची. अमुक योजना राबवा, मग अमुक टक्के अनुदान, अमुक कर्ज. ज्या राज्याचे मुख्यमंत्री दिल्लीत वजनदार, त्यांना जास्त मिळतं अशी तक्रार असायची. शिवाय एक वाईट खोड लागली. आपल्या राज्याला काय हवं यापेक्षा दिल्लीत कशाला पैसा मिळतो, हे बघून राज्यं योजना मांडू लागली. गावच्या भाषेत सांगायचं तर, विहिरीची गरज असताना अनुदान शेळीला आहे म्हणून शेळी मागायची.

गाडगीळ सूत्र म्हणजे नेमकं काय

धनंजयरावांनी यावर जो तोडगा पुढे आणला तो राष्ट्रीय विकास परिषदेत, म्हणजे सगळ्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत चर्चा होऊन मान्य झाला. १९६९ ते १९७४ या चौथ्या योजनेपासून तो लागू झाला.

हिशेब असा होता. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या डोंगरी आणि सीमेवरच्या राज्यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्या रकमेचे भाग करायचे.

- ६० टक्के रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात.
- १० टक्के फक्त त्या राज्यांना, ज्यांचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे.
- १० टक्के राज्याने स्वतः कर गोळा करण्यात किती जोर लावला, हे बघून.
- १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी.
- १० टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी.

दुसरा बदल आणखी महत्त्वाचा. मदत आता एकेका योजनेला बांधलेली राहिली नाही. राज्याच्या पूर्ण योजनेसाठी एकत्र रक्कम मिळू लागली. त्यातलं ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. ती कुठे वापरायची हे ठरवण्याची मोकळीक राज्याला बरीच वाढली.

म्हणजे दोन गोष्टी साधल्या. वाटा किती, हे सगळ्यांना आधीच माहीत झालं, त्यामुळे दिल्लीच्या दारात बसण्याची गरज कमी झाली. आणि पैसा किती येणार हे कळल्यामुळे राज्याला आपल्या गरजेप्रमाणे आखणी करता येऊ लागली. भावकीत वाटणी झाल्याशिवाय कुणी बांध घालत नाही, विहीर खणत नाही. वाटा कळला की माणूस कामाला लागतो. तसंच हे.

आणि जिल्ह्याचं काय?

धनंजयराव राज्यापर्यंत येऊन थांबले नाहीत. दिल्लीला जाण्याच्या सुमारासच, १९६७ मध्ये, जिल्हा विकास नियोजनावरचं त्यांचं पुस्तक आलं होतं. योजना आयोगात गेल्यावर त्यांच्या कारकिर्दीत, १९६९ मध्ये, जिल्हा योजना कशी तयार करावी याच्या मार्गदर्शक सूचना आयोगाने राज्यांना पाठवल्या.

यामागचा विचार साध्या शब्दांत असा. गाव हे फार लहान असतं. गावाला दवाखाना हवा, पण प्रत्येक गावात मोठा दवाखाना होऊ शकत नाही. बाजार समिती, शीतगृह, मोठा पूल, महाविद्यालय हे अनेक गावांना मिळून लागतं. राज्य मात्र फार मोठं. मुंबईत बसून गडचिरोलीचं जंगल आणि सांगलीचा द्राक्षमळा एका नजरेत दिसत नाही. जिल्हा हा मधला टप्पा. तिथे कार्यालयं आहेत, निवडून आलेली माणसं आहेत, आणि मुलूख ओळखीचा आहे. म्हणून खालचं आणि वरचं जिथे भेटतं ती जागा जिल्हा.

पण जिल्ह्याची योजना म्हणजे सगळ्या गावांच्या मागण्यांची बेरीज नव्हे, यावर त्यांचा भर होता. जिल्ह्यात पाणी किती, जमीन कशी, रस्ते कुठवर, कोणत्या हातांना काम नाही, हे आधी मांडायचं. कमी कशाची आहे ते शोधायचं. मग कोणतं काम आधी केलं की दुसरी चार कामं सोपी होतील, ते ठरवायचं. राज्याचे मोठे प्रकल्प, जसं धरण किंवा महामार्ग, जिल्ह्यातून जाणार असतील तर त्यांचा फायदा गावापर्यंत पोचवणारी छोटी कामं जिल्ह्याने आपल्या योजनेत धरायची. धरण राज्याचं, पण पोटचारी, शेतरस्ता, सोसायटी आणि बाजार जिल्ह्याने बघायचा. प्रवरेच्या कालव्यावर त्यांनी हेच पाहिलं होतं. पाणी आलं, पण कारखाना आणि पतपुरवठा नव्हता तोवर शेतकऱ्याच्या हाती फारसं लागलं नाही.

त्याच वर्षी आणखी एक धागा जोडला गेला. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. बँकांनी गावात जायचं, पण कोणत्या बँकेने कुठे? धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये सुचवलं की जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम वाटून घ्यावं. नरिमन समितीनेही तीच दिशा धरली आणि वर्षअखेरीस रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. जिल्ह्याची योजना आणि जिल्ह्याचा पतपुरवठा हातात हात घालून चालावा, ही त्यामागची कल्पना.

जे झालं नाही तेही सांगायला हवं

धनंजयरावांचं सगळंच यशस्वी झालं असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांच्या सूत्रावर टीका झाली. ६० टक्के वजन लोकसंख्येला दिल्यामुळे गरीब राज्यांसाठी खास राखलेला वाटा फक्त १० टक्के राहिला, म्हणून बिहारसारख्या राज्यांना त्याचा पुरेसा आधार मिळाला नाही, हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. सूत्र नंतर १९८० मध्ये आणि पुन्हा १९९० नंतर बदलण्यात आलं.

दुसरी त्रुटी आपल्या जास्त जवळची. दिल्लीने मोकळीक राज्याला दिली, पण राज्यांनी ती जिल्ह्याला द्यायला हात आखडता घेतला. १९६९ च्या सूचना बहुतेक राज्यांत फायलीतच राहिल्या. महाराष्ट्रासारख्या मोजक्या राज्यांनी त्या मनावर घेतल्या. राज्यांच्या बाबतीत जी तक्रार दिल्लीविरुद्ध होती, तीच तक्रार जिल्ह्यांची मुंबईविरुद्ध आणि गावांची जिल्ह्याविरुद्ध आजही आहे.

१९७१ च्या निवडणुकीनंतर योजना आयोगात बदल झाले. मे महिन्याच्या सुरुवातीला धनंजयरावांचं पद संपलं. दिल्लीचं बिऱ्हाड आवरून पुण्याला परतत असताना ३ मे १९७१ रोजी वाटेतच त्यांचं निधन झालं. वय ७० वर्षं.

त्यांच्या मागे

त्यांच्या मागे काम थांबलं नाही. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा होत्याच. १९७४ मध्ये जिल्हा नियोजन व विकास मंडळं आली आणि राज्याच्या योजनेतला काही पैसा जिल्ह्यांना ठरलेल्या निकषांवर वाटला जाऊ लागला. गोखले संस्थेत धनंजयरावांच्या जागी आलेले वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष मोजून मांडला. कोणत्या जिल्ह्यात सिंचन, रस्ते, वीज राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, याचा तो हिशेब होता. आधी मोजा, मग बोला ही शिस्त तिथेही दिसते.

पुढे ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असावी, हे आता राज्यघटनेतच लिहिलं आहे. ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करायचा आणि तो राज्याकडे पाठवायचा, हे तिचं काम. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. खेडं आणि शहर यांनी पाणी कसं वाटून घ्यायचं, याचाही विचार या आराखड्यात व्हायला हवा, असं घटना सांगते. महाराष्ट्रात यासाठी १९९८ चा कायदा आहे.

योजना आयोग २०१४ नंतर राहिला नाही आणि त्याच्याबरोबर गाडगीळ सूत्रानं होणारी मदतही संपली. पण गावाकडे येणाऱ्या पैशात त्या विचाराचा अंश उरला आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीला ठरला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला. त्यातला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, ४० टक्के मोकळा. म्हणजे वाटा किती हे गावाला आधी कळतं. गावाने काय करायचं ते ठरवणं उरतं.

आपल्या ग्रामसभेसाठी यातलं काय घ्यायचं

धनंजयरावांच्या आयुष्यातून गावाने उचलण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, मागणी करण्याआधी मोजणी. उन्हाळ्यात किती घरांना टँकरचं पाणी लागतं, किती शेतं रस्त्याअभावी पावसाळ्यात तुटतात, किती पोरं आठवीनंतर शाळा सोडतात, हे आकडे गावाने स्वतः काढले तर आराखड्याला वजन येतं. हे काम गावातल्या चार शिकलेल्या पोरांना महिनाभरात जमण्यासारखं आहे.

दुसरी, आपल्या वाट्याची माहिती. ग्रामपंचायतीला कोणत्या निधीतून किती मिळाले, त्यातले बांधलेले किती आणि मोकळे किती, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आपल्या गावचा मंजूर आराखडा आणि खर्च मोबाईलवर उघडून बघता येतो. ग्रामसभेला जाण्याआधी तो एकदा बघावा.

तिसरी, जोडणी. जलजीवनची नळयोजना मंजूर असेल तर तिच्यासाठी रस्ता पुन्हा खोदावा लागणार. मग आपल्या आराखड्यात काँक्रीटचा रस्ता आधी धरायचा की नंतर? राज्याचा महामार्ग जवळून जाणार असेल तर आपला शेतरस्ता त्याला कुठे मिळेल? वरची योजना आणि आपलं काम एकमेकांना पूरक कसं होईल, हा प्रश्न ठराव करण्याआधी विचारायचा. तो विचारला नाही की आज केलेला रस्ता उद्या फुटतो, आणि हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

लोणीच्या शेतकऱ्यांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी हे करून दाखवलं. त्यांच्याकडे ना मोबाईल होता ना पोर्टल. आपली गरज काय हे त्यांना नक्की माहीत होतं, स्वतःचे पैसे त्यांनी आधी घातले, आणि राज्य व देश यांच्याकडून काय घ्यायचं हे समजावून सांगणारा एक प्राध्यापक त्यांच्या बाजूला बसला होता. यंदाच्या ग्रामसभेत आराखडा वाचायला निघाला की एवढं तरी विचारा : यातलं प्रत्येक काम कोणत्या आकड्यावरून ठरलं, आणि ते वरच्या कोणत्या योजनेला जोडलेलं आहे?